आरशासमोरचे सोमवार

सेल्समध्ये राहिलेल्या माणसाकडे पैसा साठत नाही, किस्से मात्र साठतात. परवा आम्ही जुने दोस्त रायपूरच्या शंकर नगरात जमलो, तर चहा थंड झाला तरी कुणी उठेना!

आम्ही इन्व्हर्टर विकायचो. त्यात छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि शहरातली लाईट जायचीच बंद झाली! सगळे खूश, आमचं तोंड तेवढं उतरलेलं.

टार्गेट बुडायला लागलं तसे नागपूरहून कान्हेरे साहेब मॅनेजर म्हणून आले. त्यांनी ऑफिसात मोठा आरसा लावला. टार्गेट चुकलेल्याने दर सोमवारी त्याच्यापुढे उभं राहून सगळ्यांदेखत आत्मपरीक्षण करायचं. मार्केट, गिऱ्हाईक, लाईट, कशालाच दोष द्यायचा नाही. "चूक आपल्यातच शोधा!"

पहिला नंबर भोंडेचा. भोंडे म्हणजे आमच्यातला सगळ्यात उत्साही पोट्टा. "मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यात पाहून बोलत नाही," तो म्हणाला.

साहेब खूश. "आता पाहून बोलत जा!"

पुढच्या सोमवारी भोंडे पुन्हा आरशापुढे. चौबे कॉलनीतल्या एका वहिनींच्या मिस्टरांचा ऑफिसात फोन आला होता. भोंडे खाली मान घालून म्हणाला, "साहेब, मी जरा जास्तच पाहिलं!"

---

साहू भैयाची रीत वेगळी. तो इथलाच, छत्तीसगढी. साहेबांनी तोंड उघडायच्या आत म्हणायचा, "हव साहब, गलती मेरी!" विषय संपला. आम्हाला त्याचा हेवा वाटायचा.

एकदा तो सवयीने उठून आरशापुढे गेला. साहेब म्हणाले, "अरे साहू, बस. या महिन्यात तुझं टार्गेट झालं."

"हव साहब, गलती मेरी!"

---

ही सवय मी घरीही नेली. एकदा वरणात मीठ नव्हतं. मी बायकोला म्हटलं, "चिडू नको, जरा आत्मपरीक्षण कर."

ती पळी घेऊनच बाहेर आली. "मीठ आणाले कोण गेलं होतं? अन् चौकात गप्पा मारून रिकाम्या हाताने कोण आलं?"

त्या दिवशी मी वरण तसंच खाल्लं. वर छान झालंय म्हणालो.

---

आणि आमच्यातले वसंतराव! रायपूरच्या जुन्या तात्यापारा मोहल्ल्यातलं, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचं घराणं, खोटं म्हणून बोलणार नाहीत. गिऱ्हाईक विचारायचं, "काहो, लाईट जाते का आजकाल?" हे म्हणायचे, "नाही बा. मले तरी आठवत नाही."

आरशापुढे म्हणाले, "साहेब, मी खरं बोलतो."

"ही काय चूक झाली?"

"थेच तर मी तुम्हाले विचारून राहिलो!"

साहेब भडकले. "या महिन्यात एक तरी मशीन विका, नाहीतर थेट बस्तरात, जगदलपूरला बदली!" वसंतरावांच्या मुलीचं बारावीचं वर्ष तोंडावर होतं आणि घरी दोघंच, बाप आणि लेक. तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही. फार वाईट वाटलं.

---

महिनाअखेरीला पुण्याहून मोठे साहेब आले. दुपारची वेळ, एप्रिलचं रायपूर! भोंडे चहा सांगायला बाहेर गेला. वसंतराव आरशापुढे उभे राहिले, तोच पंखे थांबले.

पाच मिनिटांत मोठ्या साहेबांचा शर्ट अंगाला चिकटला. "काय हो, लाईट जाते तुमच्याकडे?"

कान्हेरे साहेब घाईने म्हणाले, "जाते ना साहेब! रोज जाते!"

"मग माल का खपत नाही?"

"म्हणजे... तशी नाही जात."

"मग आत्ता काय झालं? आणि इन्व्हर्टर विकणाऱ्यांच्या ऑफिसात इन्व्हर्टर नाही?"

वसंतराव आरशापासून वळले. घसा खाकरून म्हणाले, "साहेब, मी गिऱ्हाइकाले खोटं सांगत नाही. शहरात लाईट जात नाही. पण इथं गेली, थे तुम्हीच पाहून राहिले. लावून देऊ एक?"

"लावा हो! आत्ता लावा!" मोठे साहेब रुमालाने मान पुसत ओरडले. "कान्हेरे, ऑर्डरवर सही करा!"

कान्हेरे साहेबांनी सही केली आणि पंखे फिरू लागले. पाठोपाठ भोंडे मेन स्विचच्या खोलीतली जळमटं हातावरून झटकत आत आला.

चहा सांगायचा राहूनच गेला होता.