बहिणीला न शिकवलेला धडा

घोडपदेवच्या चाळीत वाढलेली अनुजा परब लोअर परळच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. त्या कामाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेनं तिला परीक्षेचे प्रश्न काढणाऱ्या समितीवर घेतलं, तेव्हा तिनं लिहून दिलं होतं : प्रश्न फोडणार नाही, समिती सोडल्यावरही दोन वर्षं कुणाला शिकवणार नाही, समितीवर असेपर्यंत आपण प्रश्न काढतो हे कुणाला सांगणारही नाही. सही करताना काही वाटलं नाही. पण त्याच वर्षी धाकटी बहीण नूपुर त्या परीक्षेला बसली.

"ताई, हा धडा समजाव ना."

अनुजानं नेमका त्याच धड्यावर प्रश्न काढला होता. "डोकं दुखतंय गं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसचं काम निघालं, मग आणखी काही. आई चिडली. "अगो, सख्खी भैन ती तुझी! सांगूक काय जाता तुझा?"

अनुजानं ताट उचललं. सगळा धडा शिकवला तर प्रश्न थोडाच फुटतो? पण शिकवताना आपण कुठल्या वाक्यावर रेंगाळू, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नूपुर नापास झाली. निकालात तेवढा एकच शब्द. "कुठे चुकलं ते तरी सांगा की! परत काय वाचू?" ती रडत म्हणाली.

पुढच्या बैठकीत अनुजानं तोंड उघडलं. "प्रश्न झाकलेलेच राहू देत. पण कुठल्या धड्यात किती गुण, ते सांगायला काय हरकत आहे?"

"आज गुण, उद्या लोक उत्तरं मागतील," समितीचे प्रमुख मनमोहन विजयकर म्हणाले.

"मागू देत. तेव्हा नाही म्हणू." मग तिला राहवेना. "माझी बहीण नापास झालीय, सर. ती पुन्हा बसणार आहे."

विजयकरांनी समोरचे कागद मिटले. "हे आधी सांगायला हवं होतं. घरचं कुणी परीक्षेला बसत असेल तर समितीवर राहता येत नाही."

धडावार गुण द्यायचं ठरलं. अनुजाला मात्र समिती सोडावी लागली. आता ती घरी सांगू शकत होती. शिकवायला अजून दोन वर्षं बंदी.

नूपुरनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे डोकं दुखत नव्हतं?"

"बोलायची मुभा नव्हती गं."

"आणि खोटं बोलायची होती?"



मागच्या परीक्षेचे धडावार गुण आले. ते घेऊन नूपुरनं दादरला क्लास लावला. घरी ती दार लोटून वाचायची आणि अनुजा बाहेर गॅलरीत उगाच येरझाऱ्या घालायची. दुसऱ्या खेपेला नूपुर पास झाली. तिनं फोन आईला केला. अनुजाला ते आईकडून कळलं.