पाठीमागे लपवलेले पोहे

कोरेगावजवळच्या आमच्या लहानशा शाळेत दर शनिवारी मी पहिलीच्या मुलांना देवाच्या गोष्टी सांगतो. मध्यंतरी मात्र ते बंद करावे असे वाटू लागले होते, आणि त्याला कारण मीच होतो.

सुदाम्याच्या गोष्टीसाठी मुलांना घरून मूठभर पोहे आणायला सांगितले होते. सगळ्यांचे एकत्र कालवून खायचे. रुक्सारला तेवढे बाजूला घेऊन म्हणालो, "तू नाही आणलेस तरी चालेल." तिच्या घरी अवघड व्हायला नको, हा माझा शहाणपणा. त्या शनिवारी सगळ्यांच्या मुठी पातेल्यात रिकाम्या झाल्या आणि ती हात मांडीखाली धरून बसून राहिली. पोहे तिने तोंडातही घातले नाहीत.

सोमवारी तिचे आजोबा, गावोगाव बांगड्या भरणारे चाचा, वर्गाच्या दारात उभे.

"गुरुजी, पोरगी लय रुसलीया. आमच्या घरचं पोहं तुमच्या देवाला चालत न्हाईत व्हय?"

"चाचा, तसं नव्हतं हो..."

"मग कसं हुतं?"

दर उरसात त्यांच्याच घरचा मलिद्याचा प्रसाद मी दोन्ही हात पुढे करून घेत आलो आहे. त्या आठवड्यात देवासमोर बसलो की मान वर होईना. शेवटी म्हटले, देवा, ही गोष्ट सांगायची माझी लायकी नाही. आता तूच काय ते बघ.

शनिवार आला. मी गणिताचे पुस्तक उघडले. "सर, गोष्ट!" असा गलका झाला आणि त्यातून रुक्सार पुढे आली. दोन्ही हात पाठीमागे, मान खाली. ती नाटक करत नव्हती, खरोखरच लाजत होती.

मागून कुणीतरी ओरडले, "दे की गं! सुदामा बी असाच लाजला हुता!"

वर्ग हसला, तीही हसली. ओढणीच्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडी तिने पुढे केली. मी घास उचलणार, तोच ती म्हणाली, "सर, एकट्यानं खायचं न्हाई. पातेलं आना की!"

पातेले आले. पहिली मूठ तिची पडली.

इतकी वर्षे मी मुलांना गोष्टी सांगतो असे मानत होतो. त्या दिवशी देवाने सुदाम्याची गोष्ट मला सांगितली, माझ्याच मुलांच्या तोंडून. या मुलांचा मास्तर म्हणवून घेताना ऊर भरून येतो. आता दर शनिवारी आधी मुलांकडून घ्यायला दोन्ही हात पुढे करतो, आणि मगच तोंड उघडतो.