नऊ नंबरचा माणूस

इंद्रायणी ओव्हाळनं माझा लेख चार वेळा परत केला होता. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आम्ही अकरा जण होतो, आणि 'पडताळा' नावाचं विद्यार्थ्यांचं संशोधनपत्र वर्षातून एकदा काढायचो. स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइलवर, शंभर प्रती. संपादक ती. तिचे वडील धर्माजी पिंपरीतल्या एका कंपनीत फिटर होते. दोन खोल्यांत सहा माणसं राहायची, अभ्यास ओट्याच्या कडेला बसून, आणि ही बाई माझ्याशी एकेका शब्दावरून भांडणार. मी 'बरेच कामगार' लिहिलं की समासात तांबड्या शाईनं यायचं, 'बरेच म्हणजे किती?' मला तिचा राग यायचा. तिच्याशिवाय अंक निघाला नसता हे ठाऊक होतं, म्हणून जरा जास्तच यायचा.

१९७९च्या जानेवारीत माझा लेख होता 'शिफ्टमधला थकवा आणि लक्ष'. धर्माजींच्याच कंपनीतल्या बारा कामगारांच्या मुलाखती मी घेतल्या होत्या. तिचा नियम एकच, पण पक्का. माणसाचं नाव कुठंही यायचं नाही, फक्त नंबर. "त्यानं तुझ्यावर विश्वास ठेवून सांगितलंय, खंडू. त्याची भाकरी आपल्या हातात आहे."

नऊ नंबरचा माणूस म्हणजे माझ्या गावचा, कुरुळीचा, मुरारी. पत्र्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर होता. त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आत राहायचा धोका नाही. पण तसं केलं तर शिफ्टला सांगितलेले नग निघत नाहीत. म्हणून फोरमनच्या डोळ्यांदेखत एका बटणात लाकडी पाचर ठोकायचे, की एक हात पत्रा सरकवायला मोकळा. मुरारी म्हणाला, "झोप येती रं. मंग मी तोंडातल्या तोंडात पखवाजाचा ठेका धरतो. समेला हात भाईर." मी खूश झालो. लेखाला असं काही मिळालं की लिहिणाऱ्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. नाव मी टाकलं नाही. 'चाकणकडच्या एका गावचा, भजनात पखवाज वाजवणारा' एवढंच लिहिलं. इंद्रायणीनं ते खोडलं होतं. मी शेवटच्या स्टेन्सिलवर तिला न विचारता परत घातलं.

शंभर प्रती गुरुवारी तयार झाल्या. संध्याकाळी घरी तिनं अंक वडिलांच्या हातात दिला. धर्माजींनी चष्मा लावून सावकाश वाचला आणि म्हणाले, "हा तर मुरारी. प्रेसशॉपचा." एवढ्या मोठ्या कंपनीत पखवाज वाजवणारा प्रेसवाला तो एकटाच होता.

शुक्रवारी सकाळी ती कॉलेजच्या फाटकातच उभी. चेहरा पांढराफटक. मला वाटलं ओरडेल. ती फक्त म्हणाली, "मार्चमध्ये तो कायम होणार आहे. त्याच्या आधी हे कुणी वाचलं तर त्याला गेटच्या आत घेणार नाहीत. चल, पान फाडू." आम्ही दोघांनी वर्गाचं दार लावून पानं फाडायला घेतली. नव्व्याण्णव प्रती झाल्या. शंभरावी सापडेना. शेवटी अंकाचं काम बघणाऱ्या आमच्या सरांना विचारलं. ते कौतुकानं म्हणाले, "ती कालच पाठवली पाहुण्यांना. वाचून आलेले बरे."

पाहुणे म्हणजे त्याच कंपनीचे, कामगारांच्या नेमणुका बघणारे पर्सोनेल ऑफिसर. अंकाचा कागद कंपनीनं दिला होता, म्हणून शनिवारचं प्रकाशन त्यांच्या हस्ते. इंद्रायणीनं फाटलेली पानं पिशवीत भरली आणि घरी नेऊन चुलीत घातली.

शनिवारी साहेब आले, हार घेतला, मुलांचं कौतुक केलं. मला वाटलं, वाचलंच नसेल. मग त्यांनी खिशातून अंक काढला. पान दुमडून ठेवलेलं होतं. गोड आवाजात म्हणाले, "एक विचारू का? हा नऊ नंबर कोण? आमच्याकडे पाचर ठोकतात म्हणे. पखवाज वाजवणारा एक मुलगा आहे आमच्याकडे. तोच का?"

सर माझ्याकडे बघायला लागले. लेखावर माझं नाव होतं.

इंद्रायणी उठली. "साहेब, असा माणूसच नाही. मुलाखती अकराच झाल्या होत्या. बारा भराव्यात म्हणून नऊ नंबरचा मजकूर मी बनवून घातला. खंडूला माहीत नव्हतं."

'बरेच म्हणजे किती' विचारणारी मुलगी सगळ्यांसमोर सांगत होती की तिनं माणूस बनवला. साहेबांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्यांना ते पटलं की नाही, देव जाणे. पण सोयीचं होतं. पाचर खरी म्हटली तर सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टरला उत्तर द्यावं लागणार, खोटी म्हटली तर काहीच नाही. ते म्हणाले, "मग तसं लिहून द्या." तिनं तिथंच, टेबलापाशी उभं राहून, आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं आणि सही केली. मी बसून होतो. जाता जाता साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "कुरुळीचा ना तू? परीक्षा झाली की ये भेटायला."

'पडताळा' बंद झाला. एम.ए.साठी सर तिला शिफारसपत्र देणार होते, ते त्यांनी दिलं नाही. खोटी माहिती बनवणाऱ्या मुलीला कसं देणार? ती निगडीच्या प्राधिकरण वसाहतीत एका बालवाडीत शिकवायला लागली. मुरारी मार्चमध्ये कायम झाला आणि त्यानं गावात पेढे वाटले. मी साहेबांना भेटायला गेलो. जूनपासून त्याच कंपनीच्या टाइम ऑफिसात, हजेरीच्या टेबलावर, बसायला लागलो.

पाचर बटणात होती तशीच होती. कागदोपत्री ती कुठे होतीच?

दिवाळीच्या आधी मुरारीचा उजवा हात प्रेसमध्ये गेला. चार बोटं. दवाखान्यात मी गेलो तेव्हा इंद्रायणी आधीच खाटेपाशी बसलेली होती. मुरारी तिला म्हणाला, "ताई, आता लिवा. नाव घालून लिवा. आता मला कोन काय करनार हाय."

तिनं वही काढली आणि लिहून घेतलं. शिफ्ट कुठली, किती वाजता, पाचर कुणी ठोकली, फोरमन कुठं उभा होता. कंपनीचं म्हणणं होतं की पाचरबिचर काही नाही, कामगाराचाच हलगर्जीपणा, आणि हलगर्जीपणा ठरला की नोकरी गेलीच. चौकशी सोमवारी, पर्सोनेल ऑफिसात. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "माझा कागद त्यांच्याकडे आहे. माझं कोण ऐकणार? पण लेख तुझा होता. मुलाखत तू घेतलीस. एवढं सांगशील ना?"

"सांगतो," मी म्हणालो. खरंच सांगणार होतो.

सोमवारी काय झालं ते मला तिच्याबरोबर गेलेल्या धर्माजींनी नंतर सांगितलं. ती चौकशीत म्हणाली की जानेवारीत आपण खोटं लिहून दिलं होतं. साहेबांनी तिचा कागद फायलीतून काढून पुढं सरकवला आणि विचारलं, "तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?" ती म्हणाली, "तेव्हा. माझा साक्षीदार तुमच्याच टाइम ऑफिसात आहे. बोलवा त्याला."

साहेबांनी फोन लावला. टाइम ऑफिसातला फोन माझ्याच टेबलावर असायचा. तो मी दुसऱ्या घंटीला उचलला आणि 'हॅलो' म्हणालो.

"खंडू आहे का तिथं?"

साहेबांनी माझा आवाज ओळखला असणार. तरी त्यांनी विचारलं, आणि मी काय म्हणतोय त्याची वाट पाहिली. समोरच्या भिंतीवर पंचिंगचं घड्याळ होतं, अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"नाही साहेब," मी म्हणालो. "तो आज रजेवर आहे."