भिडलेली पाती

रविवारी सकाळी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये आम्ही सात-आठ जण जुन्या जर्मन पद्धतीची तलवारबाजी शिकतो. सरांनी एका जुन्या हस्तलिखितातल्या चित्राची झेरॉक्स भिंतीवर चिकटवली आहे. त्यात दोन माणसं तलवारीला तलवार भिडवून उभी आहेत. पुढे काय झालं, ते चित्रात नाही. शेकडो वर्षं तशीच अडकून पडली आहेत, बिचारी.

काल माझं पातं आमच्यातल्याच जोशीकाकांच्या पात्याला असंच भिडलं, आणि सवयीने मी ते सोडवून घ्यायला गेलो. माझ्या मास्कच्या जाळीवर खाडकन फटका बसला.

"आधी निघालात की मार बसणारच," सर म्हणाले. "तिथेच थांबा. पोलादातून समोरच्याचा हात कळतो."

पुन्हा भिडलो आणि थांबलो. खरंच कळलं. जाळीआड काका हसत होते, पण त्यांची मनगटं थरथरत होती. त्यांना निघता येत नव्हतं, मलाही.

घरी तरी वेगळं काय आहे? वर्षभर आम्ही नवरा-बायको असेच उभे आहोत. भांडत नाही, हलतही नाही. आधी निघेल त्याला लागेल, एवढं दोघांनाही माहीत आहे.

संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "दमलास?"

"छे. तू?"

"मी कशाला दमू?"

तिचं कोपर टेबलावर होतं, माझंही. लाकडातून तिच्या हाताची थरथर माझ्यापर्यंत येत होती. मी कोपर काढून घेतलं नाही.