संध्याकाळचे जज

ती घटना आठवली की सातपूरवरून जाताना आजही माझ्या गाडीचा वेग कमी होतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; पण एका कुत्रीच्या चोरीने मला जेवढं गप्प केलं, तेवढं त्यांनी केलं नाही. माणसांची नावं देत नाही. कुत्रीचं देतो, कारण तिचा काही गुन्हा नव्हता. तारा, जातिवंत डॉबरमन.

फिर्यादी तिथल्याच एका कारखान्यात फिटर. सकाळची हजेरी चालू असताना तो ठाण्यात आला. डोळे सुजलेले, सोबत शेजारचे एक निवृत्त काका. ठाणे अंमलदाराला हसू आलं, त्याला मी नजरेनेच दाबलं. येत्या रविवारी शहरात डॉग शो होता. पैसेवाले शौकीन त्यासाठी पगारी हँडलर ठेवतात. हा गडी मात्र शिफ्ट संपवून स्वतःच ताराला तयार करायचा आणि स्वतःच रिंगमध्ये फिरवायचा. शोनंतर तो बदली होऊन चाकणला जाणार होता. नाशिकची ही त्याची शेवटची रिंग.

पंचनाम्याला गेलो तर फाटकाची कडी नीट लावलेली. भुंकणं कोणीच ऐकलं नव्हतं. डॉबरमन परक्या माणसाबरोबर अशी मुकाट जाते कशी, असं मी विचारलं.

"तो माझाच उद्योग आहे, साहेब," फिटर खाली मान घालून म्हणाला.

शोमध्ये जज जनावराचं तोंड उघडून दात तपासतो, अंगावरून हात फिरवतो. तेव्हा ते गुरगुरलं की खेळ संपला. म्हणून हा गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला ताराचे दात बघायला लावायचा. रोज संध्याकाळी मात्र काकांना ठरलेली हाक जायची, "काका, या, जज व्हा." काका इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, दात बघायचे, तिला गोल पळवायला सांगायचे, मागे सरून न्याहाळायचे आणि शेवटी "छान" म्हणायचे. पळून आली की तो शब्द ऐकेपर्यंत ती पाय रोवून उभी असायची.

पहिला संशय शोमधल्या एका प्रतिस्पर्ध्यावर गेला. त्याला बोलावून कसून विचारलं. तो भयंकर चिडला, आणि त्या चिडण्यावरूनच मी त्याला सोडून दिलं. खोटं बोलणारा माणूस पोलिसांपुढे फार नम्र असतो.

खबर आली ती शहराबाहेर पेठ रस्त्यावरच्या एका चहावाल्याकडून. आमच्या हवालदाराच्या ओळखीचा होता. म्हणाला, "एक म्हातारा रोज एस.टी.नं येतो. पलीकडं पडवीत काळं कुत्रं बांधलंय, त्याला उभं करतो, तोंड उघडून दात बघतो, मागं सरून नुसता बघत राहतो. कुत्र्याचा व्यापारी हाय का काय, कळत नाय."

बैलबाजार पाहिलेल्या माणसाला सौदाच दिसणार. मला मात्र इस्त्रीचा शर्ट दिसला.

हवालदाराला गाडी घेऊन तिकडे पाठवलं आणि काकांना ठाण्यात बोलावून घेतलं. खुर्ची दिली, चहा मागवला. आवाज कधी चढवायचा आणि कधी उतरवायचा, हे पोलिसाला कोणी शिकवत नाही.

"काका, आज पेठ रस्त्याला गेला नाहीत?"

त्यांनी कप खाली ठेवला. विचारलं, "ती जेवली का?"

पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. मला मात्र तेवढी पुरली. पुढचं ते आपणहून बोलले. "बायको गेल्यापासून दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही, साहेब. संध्याकाळी तेवढी एक हाक यायची. वाटलं, ती सापडेपर्यंत तरी हा नाशिक सोडणार नाही. ओळखीच्यांच्या पडवीत बांधली, आणि तिचा सराव मोडू नये म्हणून रोज जात होतो."

ताराला आणलं तेव्हा फिटर तिच्या गळ्यात पडून रडला. मग तिला काका दिसले. ती त्यांच्यासमोर जाऊन चारही पाय रोवून उभी राहिली. काकांनी हात पाठीमागे घेतले. फिटरला सगळं कळलं होतं, तो त्यांच्याकडे न बघता कोरड्या आवाजात म्हणाला, "दात बघा, काका. ती थांबलीय." काकांनी दात बघितले. "छान" म्हणाले आणि आमचा अंमलदार उगाच बाहेर गेला.

रविवारी साध्या वेशात मी शोला गेलो. जजने ताराचे दात पाहिले, चकार शब्द न बोलता हाताने खूण केली आणि ती डौलात पळाली. दुसरी आली. काका घरीच होते.

चोरीत काय गेलं, हे आम्ही आधी लिहितो. चोराचं काय जाणार होतं, हे विचारायला मी त्या केसपासून शिकलो.

गुन्हा दाखल झाला होता, तेव्हा कोर्ट चुकणार नव्हतं. तडजोडीच्या तारखेला फिटर चाकणहून आला. काका सारखे घड्याळ बघत होते. घाई कसली, विचारलं, तर म्हणाले, "संध्याकाळी याचा फोन येतो. त्याआधी हा घरी पोचायला हवा."

मी फिटरकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "‘छान’ ऐकल्याशिवाय ती जागची हलतच नाही, साहेब. काकांचंच लागतं."

ती हलते, हे मी रिंगमध्ये स्वतः पाहिलं होतं. नोकरीत तेवढा एकच खोटा जबाब मी तसाच राहू दिला.