डाव्या बाजूची गिटार

माझा थोरला भाऊ गिरीराज, आमचा अण्णा, येलहंक्यात एका विमा कंपनीत हेडक्लार्क आहे, आणि एकही नवा रॉक अल्बम त्याच्या तावडीतून सुटत नाही. दर रविवारी सकाळी डोसे हाणून तो हेडफोन चढवतो आणि आठवडाभर ऐकलेल्याची सत्तर जणांच्या ग्रुपवर सालटी काढतो. "ड्रमवाल्याला बस गाठायची होती बहुतेक." "दिग्दर्शकाचा नटीवर भरवसा नाही, म्हणून ती गप्प बसली की व्हायोलिन रडतं." छोट्या चित्रपटांचं पार्श्वसंगीत तर तो चित्रपट न बघताच ऐकतो. बघितलं की कान आळशी होतात म्हणे! दीडशहाणा मेला. पण बँडवाली पोरं त्याचं म्हणणं मनावर घेतात, हेही खरं.

गेल्या महिन्यात बेळ्ळंदूरच्या एका बँडचा पहिलाच अल्बम आला. अण्णाने लिहिलं, "गाणी झकास. पण डावी बाजू ओसाड. मिक्सिंग करणारा झोपला होता का?"

तासाभरात बँडमधल्या भव्याचं उत्तर आलं. "अण्णा, डावीकडे माझीच गिटार आहे. सगळ्यात मोठा आवाज तिचाच आहे."

अण्णा म्हणाला, हेडफोन गेले. नवे आणले. डावी बाजू तशीच. दोन दिवस त्याची चिडचिड ऐकून मी वैतागले आणि म्हटलं, "अरे, मग उलटे लावून बघ ना!" त्याने उलटे लावले. गिटार उजव्या कानात कडाडली, शेजारी बसलेल्या मलाही ऐकू आली. अण्णाचा चेहरा पांढराफटक पडला. कुठून बोलले असं झालं मला.

कारण आमचे वडील, आप्पा. त्यांचाही आधी डावा कान गेला, मग उजवा. पुढे दहा वर्षं कुणी काहीही बोललं की आप्पा नुसते हसायचे. त्यांची बहीण वारल्याचं सांगितलं, तेव्हाही हसले. आम्ही दोघं समोर उभे होतो.

अण्णा डॉक्टरचं नाव काढू देईना. "मळ असेल गं. स्वल्प थांब, सरी होईल, आपोआप बरं होईल." रविवारी ग्रुपवर काही लिहिलं नाही. लोकांनी विचारलं, तर ऑफिसात काम फार आहे म्हणाला. खोटारडा! दिवसभर डाव्या कानापाशी चुटक्या वाजवत बसला होता. मीही काही कमी नाही. पाठीमागून, डाव्या अंगाने, हळूच "अण्णा" म्हणून बघायचे. तो वळायचा नाही. मग मुद्दाम भांडं आपटायचे.

शेवटी परवा त्याला ओढतच नेलं. तपासणीची खोली म्हणजे काचेची खिडकी असलेली एक बंद पेटी. आत अण्णा, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीकसा आवाज आला की दाबायचं, दाबलं की बाहेर यंत्रावर दिवा लागतो. मी बाहेर, यंत्र चालवणाऱ्या बाईंच्या शेजारी. उजवा कान झटपट झाला. बाई म्हणाल्या, "छान आहे." मला जरा हायसं वाटलं.

मग डावा. बाईंनी आत सांगितलं, "आता डावा कान, सर." दिवा लागला. थोड्या वेळाने पुन्हा लागला. पुन्हा. मी आनंदाने बाईंचा हात धरला. "येतंय ना ऐकू त्याला? बघा, येतंय!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हलकेच हात सोडवून घेतला.

"अक्का," त्या म्हणाल्या, "मी अजून काही वाजवलेलंच नाही."

काचेतून अण्णा माझ्याकडे बघत होता. मान हलवून त्याने सगळं ठीक असल्याची खूण केली. मी हसले. दुसरं काय करणार? आणि पुन्हा दिवा लागला.