खिळ्यावरचा बिल्ला

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका गिरणीत विणकर होतो. तिथं संडासला जायचं तर खिळ्यावरचा लोखंडी बिल्ला घेऊन जावं लागायचं. मागांच्या एका रांगेला बिल्ला एकच. तो बाहेर असला की बाकीच्यांनी कळ काढायची. धडधाकट माणसाला त्यात काही वाटत नाही. मला आतड्याची जुनी सूज होती, दिवसाला दहा-बारा वेळा रक्ताचे जुलाब. म्हणून रांगेतल्या सगळ्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं, बिल्ला परत आला की आधी मी. काय तो मान!

जॉबरनं, म्हणजे आमच्या खात्याच्या मुकादमानं, मात्र बजावलं होतं, माग असे सारखे बंद राहिले तर तुला बदलीत टाकीन. बदलीत म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर घरी. घरात खाणारी पाच तोंडं. त्या धास्तीनं माझी झोप गेली, अन्न जाईना. खोटं कशाला बोलू, मरून जावं असं रोज वाटायचं.

डॉक्टरांना हे सांगितलं. आतड्याच्या पिवळ्या गोळ्या होत्याच, त्यावर त्यांनी संध्याकाळची एक बारीक गोळी वाढवली. ही खचलेल्या मनासाठी, असं सरळ सांगितलं. तोंड कोरडं पडेल, पोटही जरा मंदावेल, म्हणाले.

मागाच्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढायचा, ही आमची रीत. आता धागा जिभेलाच चिकटायला लागला. पण महिन्याभरात कळा थांबल्या, झोप लागली, बिल्ला दिवसातून तीनदाच लागायचा.

मग माझी अक्कल शेण खायला गेली. घरचे, दारचे सगळे पहिल्यापासून एकच म्हणायचे, "तुझं दुकणं मनाचं हाय. लई इचार करतोस." मनाच्या गोळीनं पोट थांबलं, म्हणजे त्यांचं खरंच होतं की! मी पिवळ्या गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. वर रांगेत तोऱ्यात सांगितलं, माझी आधीची पाळी काढून टाका, मी आता तुमच्यासारखाच. शेजारच्या मागावरचा म्हातारा विणकर म्हणाला, राहू दे की, कुणाचं काय जातंय. मी ऐकलं नाही.

दोनेक महिने बरे गेले. मग एका दुपारी, कळ नाही, मुरडा नाही, एकदम गरम ओघळ जाणवला. खिळ्याकडे धावलो. बिल्ला नव्हता. ज्याची पाळी होती तो गेला होता. मी भिंत धरून तिथंच उभा राहिलो, आणि पायजम्यातून रक्त फरशीवर आलं. चाळिशीचा बाप्या मी, सगळ्या खात्यासमोर. म्हाताऱ्यानं त्याचे आणि माझे माग बंद केले, खांद्यावरचा टॉवेल माझ्या कमरेला गुंडाळला. मला भुई फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

दवाखान्यात मी डॉक्टरांना विचारलं, साहेब, एकदा सांगून टाका, माझं दुखणं मनाचं की पोटाचं?

"संध्याकाळच्या गोळीनं कळ थांबली, आतड्यातली जखम नाही," ते म्हणाले. "दुखणी दोन आहेत आणि दोन्ही खरी आहेत. आता कुठलीच गोळी सोडायची नाही."

तीन आठवड्यांनी कामावर गेलो, तर माझ्या मागांवर दुसराच माणूस. मी जॉबरचे पाय धरले. त्यानं पाय सोडवून घेतले आणि उद्यापासून गेटवर ये म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काम मिळालं, पार टोकाच्या रांगेत. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. आपली पाळी सोडून मला पुढं घालणारं तिथं कोण असणार? दोन्ही गोळ्या खिशात होत्या. मागाला हात लावायच्या आधी मी खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा होता.